वाडीवाली आणि गोडी बाव

वाडीवालीच्या हाताला माप नव्हतं. तिच्याकडे जेवायला बसलेला माणूस 'पुरे' म्हणायला तोंड उघडायचा, तोवर तिच्या मुठीतला भात ताटात पडलेला असायचा. डाव, पळी, वाट्या तिच्या स्वयंपाकघरात होत्या, पण त्या सुनेसाठी. ती स्वतः सगळं मुठीनं द्यायची. तांदूळ मुठीनं, मीठ मुठीनं, सुकट मुठीनं, आणि वेळ पडली तर पाठीत गुद्दाही त्याच मुठीनं. "हात आखडला का घर आखडला," असं ती म्हणायची आणि वर आणखी एक मूठ वाढायची.

करावे गावात, खाडीच्या अंगाला, तिच्या घरामागे भाड्याच्या खोल्यांची एक रांग होती. त्यातल्या शेवटच्या खोलीत माझं लहानपण गेलं. वडील साताऱ्याकडचे, वाशीच्या मार्केटात माथाडी. खोल्यांच्या पलीकडे तिची भाजीची वाडी, म्हणून सगळं गाव तिला वाडीवाली म्हणायचं. आम्ही भाडेकरू तोंडावर काकी आणि माघारी वाडीवालीच. राहायला आल्यावर आई तिच्याकडे चार काड्या कोथिंबीर मागायला गेली होती, ती कवळाभर मेथी, पालक आणि वर दोन मुळे घेऊन परतली. हे खायला दिलंय की विकायला, ते आईला दोन दिवस कळेना. मला ती नावानं कधी हाक मारत नसे. मी तिच्या लेखी 'सातारकरीन', मग मी पाच वर्षांची असो की तीस.

ती वाडी मुळात शेत नव्हतीच. वाडीवालीची खरी शेती खाजणातली, म्हणजे खाडीकाठच्या खारवट जमिनीतली, भाताची, पाय घातला की गुडघ्याएवढा गिळणाऱ्या काळ्या चिखलाची. शहर वसवताना ती गेली. तिच्यावर आता एक मोठी सोसायटी आहे आणि तिच्या दारावरचा वॉचमन वाडीवालीला, कोणाकडे जायचंय, असं विचारतो. या गोष्टीवर ती रडताना मी कधी पाहिली नाही. "गेली ती गेली," म्हणायची, आणि विषय मासळीकडे वळवायची. वाडीची जागा म्हणजे जुना रेतीचा डेपो होता. खाडीतून उपसलेली रेती होड्यांतून तिथे उतरायची. तो धंदा बंद पडला, ढीग उचलले गेले, पण पुरुषभर खोल रेती जागेवर राहिली. त्या रेतीत वाडीवालीनं तबेल्याचं शेण, पाचोळा, मासळीची घाण, जे मिळेल ते डोक्यावरून वाहून आणून घातलं आणि भाजी उगवून दाखवली. गावातले लोक हसले होते. पहिल्या पालकाच्या जुड्या तिनं त्यांच्याच घरी फुकट पाठवल्या.

आणि वाडीच्या कडेला गोडी बाव. बाव म्हणजे विहीर. खाडी हाकेच्या अंतरावर, आजूबाजूला जिथे खणाल तिथे खारं पाणी, आणि या एका बावीचं पाणी मात्र नारळासारखं. नळ आले तरी वाडीवालीच्या घरात प्यायला पाणी बावीचंच. नळाचं पाणी भांडी घासायला. नवी नवरी उंबऱ्यात आली की तिला आधी या बावीचं पाणी द्यायचं, आणि त्या घरात मूल जन्मलं की त्याच्या ओठाला पहिलं बोट लागायचं तेही याच पाण्याचं. तिच्या नवऱ्याला लागलं होतं, मुलाला लागलं होतं. जमीन गेली, मिठागरं गेली, खाडीतली मासळी आटली, पण या बावीवर कुणाचा डोळा गेला नव्हता. तिच्यापाशी जुन्यातलं उरलेलं ते एवढंच.

आता तिच्या हाताबद्दल पुन्हा सांगते, कारण सगळी रड त्या हाताचीच आहे. युरियाला ती साखर म्हणायची. सकाळी वाफ्यावाफ्यात दोन-दोन मुठी साखर फेकायची, की लगेच पंपाचा पाइप मोकळा सोडायचा, रेती दिसेनाशी होईपर्यंत. पुढं महिनाभर बघायचं नाही. खाजणात हेच चालायचं. तिथला चिखल दिलेलं धरून ठेवायचा आणि भाताला जरा जरा पुरवायचा. माझे वडील रविवारी बाकड्यावर बसून तिचं खत टाकणं बघायचे आणि मान डोलवायचे. त्यांची माती काळी, कसदार. "असं सढळ दिलं पायजे," म्हणायचे. एक चिखलातली, एक काळवटीतला. दोघांपैकी एकाचाही जन्मात रेतीशी संबंध आलेला नव्हता.

मी रसायनशास्त्र शिकले आणि बेलापूरला पाणी-माती तपासणाऱ्या एका लहानशा प्रयोगशाळेत लागले. तोवर आम्ही बोनकोड्याला राहायला गेलो होतो. नव्या नोकरीतला उत्साह नव्या सुनेसारखा असतो, दिसेल ते घासायचं. मी घरचा नळ तपासला, आईचा फिल्टर तपासला, आणि वाडीवालीकडे गेले तेव्हा हौसेनं बावीच्या पाण्याचीही बाटली भरून आणली. त्यात नायट्रेट इतकं निघालं की माझंच काही चुकलं असं वाटून मी पुन्हा पाणी आणलं. दुसऱ्यांदाही तेच. पिकाला घातलेला युरिया मातीत शेवटी नायट्रेट होतो. ते पाण्यात साखरेसारखं विरघळतं, त्याला वास नाही, रंग नाही. मोठ्या माणसाला त्यानं लगेच काही होत नाही, पण तान्ह्या बाळाच्या रक्तातला प्राणवायू ते अडवतं. मूल निळं पडतं, आणि त्यात दगावूही शकतं. वाडीवालीची सून सुगंधा तेव्हा पोटुशी होती.

मी जाऊन सांगितलं. ती आधी हसली, मग रागावली. खोल्यांच्या संडासाची टाकी पाझरत असेल म्हणाली. टाकी बावीच्या खालच्या अंगाला होती आणि वाडी वरच्या अंगाला, हे मी दाखवलं, तर ती माझ्याशी बोलेनाशी झाली. दोन-तीन दिवसांनी मी पुन्हा गेले तेव्हा ती ओट्यावर बसली होती आणि समोर तेलाचे दोन रिकामे डबे, बुडाला खिळ्यानं भोकं पाडलेले. एकात वाडीची रेती भरली होती. दुसऱ्यात खाजणातला चिखल, तो तिनं कुठल्या पायाभरणीच्या खड्ड्यातून आणला होता कोण जाणे. दोन्हींवर एकेक मूठ मीठ टाकून तिनं तांब्याभर पाणी ओतलं. चिखलावर पाणी नुसतं साचून राहिलं. रेतीतून ते घोटभरही न थांबता खाली आलं. तिनं डब्याखाली हात धरला आणि चाटून बघितला. मिठागराच्या गावातली बाई, मिठाची चव तिला मी काय सांगणार?

"जमीन लोकांनी नेली," ती म्हणाली. "खाडी लोकांनी नेली. बाव मातर मीच घालवली गो."

तिच्यावरचं संकट मला त्या वाक्यानं कळलं. आजवर जे गेलं त्याचा दोष दुसऱ्याला देऊन ती ताठ उभी राहिली होती. इथे दुसरं कोणी नव्हतं. मी तिला सांगितलं की अजून वेळ गेलेली नाही, खत कमी करू, तोडून तोडून देऊ, रेतीचं पोट लहान असतं, तिला घास घास भरवायचं. ती म्हणाली, भरवीन. आणि दुसऱ्याच दिवशी दोन मुठी टाकून मोकळी झाली, कारण हात तिचं ऐकेना.

मग तिनं त्या हाताची करंगळी, अनामिका आणि मधलं बोट चिंधीनं तळव्याशी बांधून टाकलं. उरला अंगठा आणि पहिलं बोट. त्यांच्यात मावेल तेवढीच साखर, तीही रोपाच्या मुळाशी, पाणी देऊन झाल्यावर. वाकून वाकून तिची कंबर धरायची. विळा घेतलेल्या बायका वाटेवरून जाताना विचारायच्या, बोटं कापली की काय. ती म्हणायची, जास्त झाली होती. वाफ्यांवर तिनं भाताचा पेंढा अंथरला, रेतीत शेणखत आणि पाचोळा खोल गाडला, पंपाचा पाइप मोकळा सोडायचं बंद करून झारीनं पाणी घालायला लागली. घरात मात्र मूठ तशीच. मुलगा काशीनाथ म्हणायचा, "आई वाडीला उपाशी ठेवते नि आमाला जेऊ घालून मारते."

बाळ झालं. मुलगा. पाचवीच्या दिवशी घरात बायकांची गर्दी. चाल अशी की म्हातारीनं बावीचं पाणी आणायचं, त्यात बोट बुडवायचं आणि बाळाच्या ओठाला लावायचं. मी एक दिवस आधी तपासलेलं पाणी अजून वाईटच होतं, आणि ते तिला माहीत होतं. वाटी तिच्या हातात होती. तिनं ती दाराबाहेर नेऊन तुळशीच्याही लांब ओतली आणि आत येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "याचे तोंडाला बावीचा पानी लावाचा नाय." एक म्हातारी काहीतरी पुटपुटली, अशुभ वगैरे. वाडीवाली तिच्याकडे वळली नाही. तिनं काशीनाथला जवळ बोलावलं, सुगंधाला बोलावलं, आणि दोघांना बाळाच्या टाळूवर हात ठेवायला लावून शपथ घातली की ती स्वतः होऊन, आपल्या तोंडानं सोडवीपर्यंत या घरातल्या एकाही तोंडाला ते पाणी लागणार नाही. मग स्वतःचाही हात ठेवला. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ आमच्याकडे काय किंवा त्यांच्या आगरी घरात काय, मोडायची हिंमत कुणी करत नाही. त्या दिवसापासून त्या घरात बाटलीबंद पाण्याचे मोठे कॅन यायला लागले, आणि वाडीवाली ते पाणी औषध प्यावं तशी प्यायची.

पाण्यातलं नायट्रेट थोडं उतरायला लागलं होतं. मी दर महिन्याला बाटली भरून नेत होते आणि आकडा सांगायला फोन करत होते. आकड्यातलं तिला काही कळत नसे, माझ्या आवाजावरून ती ओळखायची. आणि मग हिवाळ्यात, ध्यानीमनी नसताना, अवकाळी पाऊस आला. दुपारी आभाळ भरून आलं तेव्हा मी तिथेच होते. नुकतंच मुळाशी खत घालून झालेलं. ती धावत गावात गेली आणि नाक्यावरच्या वाढदिवसांच्या शुभेच्छांचे फ्लेक्स दोऱ्या तोडून ओढत घेऊन आली. तिनं, सुगंधानं आणि मी ते वाफ्यांवर पसरले. हात जोडलेले, गॉगल घातलेले, हसणारे दहा-बारा भावी नगरसेवक पालकावर आडवे झाले. एरवी मी हसून मेले असते. वाऱ्यानं एकेक फ्लेक्स उचलला की ती त्यावर अंग टाकून बसायची. एका बाईच्या अंगानं किती वाफे झाकले जाणार? पाऊस तासाभरात सगळ्या वाडीतून वाहिला, वरून नाही, आतून. पुढच्या महिन्यातला आकडा होता त्याच्याही वर गेला. मी फोन केला, पण बोलायच्या आधीच तिनं ठेवून दिला.

त्यानंतर तिनं साखर बंद केली. पुरती बंद. आणि मग एक दिवस तिनं उभी भाजी उपटून टाकली. मी तिला पूर्वी एकदा सांगितलं होतं की रेतीत उरलेलं नत्र काढायचं असेल तर काहीतरी असं लावावं जे भराभर वाढतं आणि खूप ओढून घेतं, आणि मग ते कापून बाहेर न्यावं. तिनं सगळ्या वाडीत गवत पेरलं. बावीतलंच पाणी त्याला घालायचं, गवत वाढवायचं, कापायचं, भारा डोक्यावर घेऊन तबेल्यावर टाकायचा आणि शेणाची पाटीसुद्धा न घेता रिकामं परत यायचं. घरामागं खायची भाजी सोडून गवत लावणारी बाई म्हणून गावानं तिला येड्यात काढलं. काशीनाथ चिडला. ज्या घरातून भाजी वाटली जायची त्या घरात भाजी विकत यायला लागली. तिचं एकच म्हणणं, माझ्या हातानं गेलंय, ते माझ्याच हातानं काढणार.

तिला भेटायला जाणं मला तेव्हा जड व्हायला लागलं. आकडा हलत नव्हता. हलला तर इतका थोडा, की उगाच सांगू नये. मी वरिष्ठांना विचारलं, पुस्तकं पाहिली. उत्तर एकच होतं. तिनं आज खत थांबवलं म्हणून पाणी आज सुधारणार नव्हतं. वर्षानुवर्षं मुठीमुठीनं दिलेलं रेतीत खोल उतरून बसलं होतं आणि सावकाश, आपल्या चालीनं, बावीकडे चाललं होतं. गवताची मुळं तिथवर पोचत नाहीत. तिच्या चांगुलपणाची जितकी वर्षं, तितकी वर्षं बहुधा फेडायलाही लागणार होती.

हे तिला सांगणं मी कितीतरी दिवस टाळलं. शेवटी तिनंच विचारलं. गवत कापून झालं होतं, ती बावीच्या कठड्याला टेकून बसली होती. आत पाणी दिसत होतं, नितळ, खाली कासव फिरत होतं. कुणी म्हणालं नसतं की त्या पाण्यात काही आहे.

"सातारकरीन, खरा सांग. मी हाय तवर होल का?"

मी म्हणाले, "काकी, सांगता येत नाही."

तिनं मान हलवली. डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा तिनं ते पुसलं नाही. मी तिला पहिल्यांदाच रडताना बघत होते. थोड्या वेळानं ती उठली, विळा धुतला आणि उरलेला वाफा कापायला गेली.

यंदाच्या उन्हाळ्यात तिच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हॉस्पिटलात ठेवली, मग डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. वाचा गेली होती. उजवा हात, तो मुठीचा, गोधडीवर उघडा पडून राहिला होता. डाव्या हातानं ती खुणा करायची. बोलावलं म्हणून मी सुट्टी टाकून गेले. दुपारची वेळ होती, पंखा फिरत होता, खिडकी उघडी होती आणि खिडकीतून बाव दिसत होती. घरातल्यांना कळून चुकलं होतं. काशीनाथ उशाशी बसला होता.

तिनं डोळे उघडले, आमच्याकडे पाहिलं, आणि डावा हात उचलून खिडकीकडे दाखवलं. मग बोटं ओठांपाशी नेली. पुन्हा खिडकी. पुन्हा ओठ. न कळायला काही नव्हतंच. काशीनाथ माझ्याकडे बघायला लागला. मी म्हणाले, "तिला काही होणार नाही त्यानं. धोका बाळांना असतो, मोठ्यांना नाही. द्या तिला."

"मना कलतंय," काशीनाथ म्हणाला. "पोराचे डोक्यावर हात ठेवलाय आमी. तिनी सोरवल्याबिगर नाय मोडत."

"ती मागतेय, म्हणजे सोडवलंच ना?"

"बोलली नाय ती." तो आईच्या ओठांकडे बघत म्हणाला. "मी होऊन सोडवीन म्हनाली होती. तोंडान."

मला राग आला. एवढं मरण समोर आणि हा शब्दांत अडकलाय. शपथ घेणाऱ्यांत मी नव्हते. मी फळीवरचा पेला घेतला आणि दाराकडे निघाले. पंपाचं बटण दाबलं की पाणी येणार होतं, दोन पावलांचं काम. दारात सुगंधा उभी होती, कडेवर पोरगं. आता चालायला लागलेलं, आईची बांगडी चावत होतं. सुगंधा रडत होती, पण बाजूला झाली नाही. तिनं पोराच्या डोक्यावर आपला तळवा ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिली.

शपथेनं मूल मरत नाही, हे मला माहीत आहे. पाण्यातलं काय कशानं मोजायचं, हेही मला माहीत आहे. मी पेला फळीवर ठेवला आणि परत येऊन बसले.

काशीनाथनं कॅनमधलं पाणी चमच्यात घेतलं आणि आईच्या ओठांना लावलं. ते तिच्या तोंडात गेलं. तिनं ते क्षणभर जिभेवर धरलं, ओळखलं, आणि ओठ मिटून घेतले. पाणी तोंडाच्या कडेनं बाहेर येऊन उशीत जिरलं. तिचे डोळे खिडकीकडे होते. दुसरा चमचा भरायला काही काशीनाथचा हात उचलला गेला नाही.